मदत हवी आहे: धाब्याच्या घरातले जुने सागवानी सरे (छताच्या तुळया) चिरायचेत, चौकटीचं ५ बाय ३ नक्की कधीचं माप?

नमस्कार मंडळी,

चोपडा तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर यंदा उतरवलं. वरची माती काढल्यावर सागाचे सहा सरे निघाले. ६ बाय ६ इंची, ९ ते १० फूट लांब, एकालाही वाळवी नाही. पणजोबांनी सातपुड्यातून बैलगाडीनं आणलेला हा साग. नव्या घराच्या आतल्या चार चौकटी याच्याच करायच्या, असं आईनं आणि मी ठरवलंय.

पुढच्या दाराची चौकट मात्र नव्या लाकडाची केली. बिलात माप ५ बाय ३, लांबी १८ फूट (७ फुटांचे दोन उभे, ४ फुटांचं आडवं), म्हणजे १.८७५ घनफूट. तयार चौकटीला टेप लावला तर पावणेपाच बाय पावणेतीन! त्या हिशेबानं १.६३ घनफूटच होतं. मिस्तरी म्हणाले, "रंधा मारावर तेवढं कमी व्हईच भाऊ." यूट्यूबवर पाहिलं, अमेरिकेतला 'टू बाय फोर' प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो. आपल्याकडेही तसंच समजायचं का? आणि माझ्या ६ इंची सऱ्यातून ३ इंचाचे दोन तुकडे निघतील ना? एकदा करवत चालली की लाकूड परत जोडता येणार नाही, म्हणून आधीच विचारतोय.

अमळनेरकर:
भाऊ, तुमची फसवणूक झालेली नाही. वखारीत घनफूट धरतात ते चिरलेल्या, रंधा न मारलेल्या मापावर. रंध्यात दर बाजूला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) जातं, दोन बाजूंचं पाव इंच. मात्र लाकूड ताब्यात घेतानाच पट्टी लावायची. तिथेच पावणेपाच भरलं तर तेवढेच पैसे द्या.

सऱ्याचं मात्र नीट ऐका. ६ इंच म्हणजे ४८ सूत. पात्याच्या वाटेत एक सूत गेलं, तर तुकडा साडेतेवीस सुतांचा. दोन्ही बाजूंनी रंधला की साडेएकवीस उरतात, पावणेतीन इंचही नाही. म्हणून भिंतीकडची बाजू रंधूच नका, तिला डांबराचा हात द्या. मग पावणेतीनच्या वर अर्धं सूत राहतं. दाराची खाच काढायला तेवढं पुरतं.

तापीकाठ:
खिळे! कड्या ठोकलेल्या जागी जुने लोखंडी खिळे आत तुटलेले असतात. पातं त्यावर गेलं तर तुटतं, मग मिलवाला पुढचा सरा घेत नाही. चुंबक फिरवून प्रत्येक जागा खडूनं खुणावून न्या.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. हिशेब मांडला: चार सऱ्यांतून आठ उभे, पाचव्यातून चार आडवे. सहावा सरा उरतो, आणि नेमक्या त्याच्याच खालच्या अंगाला कमळ कोरलेलं आहे. तो चिरत नाही. ओट्यावरच्या पत्र्याखाली तुळई म्हणून घालायचा विचार आहे. ९ फुटांच्या गाळ्याला मधे खांब न देता चालेल का, एवढं सांगा.