लग्न टिकलं म्हणजे निष्ठा होती?

"नट-नट्यांना एका जोडीदाराशी निष्ठा जमत नाही, आपल्या साताऱ्याकडं बघा, लग्नं टिकतात," हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही.

माझ्या पणजोबांची दोन लग्नं. कोरेगाव तालुक्यातलं घर. थोरलीला मूल झालं नाही म्हणून धाकटी आणली. एकाच घरात दोन चुली. आजी सांगायची, संक्रांतीला थोरली घराबाहेर पडायची नाही, वाणाची सुगडं धाकटीच्या हाती द्यायची आणि आत जाऊन भाकरी थापत बसायची. ते लग्न मरेपर्यंत टिकलं. त्याला निष्ठा म्हणायचं?

मुंबई प्रांतात, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही, हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली ती १९४६ साली. पुढं १९५५ चा हिंदू विवाह कायदा. मग धर्म बदलून दुसरं लग्न करायची पळवाट निघाली, तीही १९९५ साली सरला मुद्गल खटल्यात सुप्रीम कोर्टानं बंद केली. कायदा करावा लागला तो काही फक्त सिनेमावाल्यांसाठी नव्हे.

आमिर खान आणि किरण राव २०२१ मध्ये वेगळे झाले, तेव्हा मुलाला दोघं मिळून वाढवू असं त्यांनी जाहीर सांगितलं. मला त्यात उथळपणा दिसत नाही. राग येतो तो बायकोला अंधारात ठेवणाऱ्याचा, मग तो नट असो नाहीतर गावचा बागायतदार. आमच्या थोरलीला तर कुणी विचारलंच नव्हतं.