मदत हवी आहे : सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी कशी जपावी?

माझा लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडून टेबलावरच वापरला जातो, त्यामुळे चार्जर जवळजवळ कायम लावलेला असतो आणि बॅटरी 100 टक्क्यांवरच राहते. लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज, म्हणजे साधारण 4.2 व्होल्टवर, आणि त्यातही उष्णतेत दीर्घकाळ राहिला तर त्याची क्षमता लवकर घटते, हे मला ठाऊक आहे. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेपेक्षा बरीच खाली आलेली दिसते, म्हणून ही काळजी.

चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत) आणि उत्पादकाच्या अॅपमध्ये शोधली, बायोस अद्ययावतही केले. या मॉडेलमध्ये ती सोय नाही. बॅटरी आतच बसवलेली असल्याने ती काढून ठेवून काम करता येत नाही. लॅपटॉप स्टँडवर ठेवल्यापासून कीबोर्डच्या वरची, हाताला चटका देणारी पट्टी आता कोमट असते. हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. चार्जिंगची मर्यादा तिथे लावता येते का हे पाहण्यासाठी विंडोज सोडून लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जाणे कामाच्या सॉफ्टवेअरमुळे शक्य नाही.

आता स्मार्ट प्लगने चार्जर आपोआप चालू-बंद करून चार्ज 50 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा विचार आहे. मात्र त्यामुळे दररोज होणाऱ्या अर्धवट चार्ज-डिस्चार्जची झीज, सतत 100 टक्क्यांवर राहण्याने होणाऱ्या झिजेपेक्षा खरोखरच कमी असेल का?