मदत हवी आहे: घरच्या पीसीवर विंडोज १० राहू देऊ की ११ टाकू? (डोंगलचा घोळ आहे)

पर्वतीपायथा
मंडळी, घरच्या कॉम्प्युटरबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. जरा लांबण लागणार, पण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार?

पीसी असेंबल केलेला आहे. आय-५ चौथ्या पिढीचा (४४६०), रॅम ४ जीबी, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) नाही. मुळात विंडोज ७ होतं. २०१६ मध्ये फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा १० झालं, ते आजतागायत. १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, त्याचा सपोर्ट संपला. तेव्हापासून घरात रोज एक सल्लागार नव्याने उगवतो.

वापरणारे तिघं. ह्यांचं नेटबँकिंग आणि आयकर, मुलीची शाळेची प्रोजेक्टं, आणि सगळ्यात जास्त माझे सासरे. अण्णा नारायण पेठेत एका छापखान्यात जुळणीला होते. निवृत्तीनंतरही लग्नपत्रिका, मानपत्रं आणि एका वाचनालयाचं त्रैमासिक घरी बसून लावून देतात. पेजमेकर ७ (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय न उघडणारं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. बोटं मराठी टाइपरायटरवर बसलेली. फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून टायपिंग) शिका म्हटलं की "आता या वयात पुन्हा बाराखडी गिरवू का?" हे ठरलेलं उत्तर.

दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, "काकू, अकरा टाकून देतो, सगळ्यांकडे टाकतोय." डोंगल चालेल का विचारलं तर "चालेल बहुतेक." त्या 'बहुतेक'नेच माझा जीव टांगणीला लागलाय. भाचा म्हणतो विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाक. हे म्हणतात डबा भंगारात दे, लॅपटॉप घेऊ. अण्णा काही बोलत नाहीत, काम झालं की कॅबिनेटवर टॉवेल पांघरून ठेवतात.

११ टाकावं का? नाही टाकलं तर बँकेचे व्यवहार त्यावर करणं कितपत धोक्याचं? पंचवीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे, पण अण्णांचं काम अडता कामा नये. पुढचा अंक लावायला घेतलाय.

टकटक
आधी दोन गोष्टी बघून सांगा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात अगदी खाली अबाउट. तिथे 'सिस्टम टाइप'पुढे ३२-बिट लिहिलंय की ६४? आणि डोंगल पेनड्राइव्हसारखा यूएसबीत लागतो की मागे रुंद पोर्टमध्ये? या दोन उत्तरांवर सगळं अवलंबून आहे.

तोवर एवढं सांगतो की अधिकृत रस्त्याने ११ तुमच्या मशीनवर येणार नाही. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. तो मुलगा टाकतोय ते तपासणी चुकवून. त्याने चालतं, नाही असं नाही. चौथ्या पिढीचा आय-५ ते ओढेल. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आली की पुन्हा त्याच मुलाला बोलवा. शिवाय ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क. स्टार्ट बटण दाबून चहा ठेवायला जाल.

अर्धाचहा
भाच्याला माझा पाठिंबा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या, काही न पुसता तिथूनच चालवून बघा. ब्राउझर, बँक, मुलीची प्रोजेक्टं, सगळं मजेत होईल. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तेही फुकट.

टकटक
@अर्धाचहा, आणि पेजमेकर? वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणारा प्रोग्राम) पेजमेकर कदाचित उघडेलही, पण डोंगल? धागाकर्तीच्या घरात खरा वापरकर्ता एकच आहे आणि तो त्रैमासिक लावतोय.

पर्वतीपायथा
बघितलं. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलंय. डोंगल मागे गुलाबीसर रंगाच्या लांबट पोर्टमध्ये आहे, पंचवीस भोकांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू. त्याच्यावर अण्णांनी चिकटपट्टी लावून 'काढू नये' असं लिहिलंय, त्यामुळे मी हातही लावलेला नाही.

जुनाजाणता
मग 'बहुतेक'चं उत्तर मिळालं. टाकू नका. कारण सांगतो, म्हणजे त्या मुलालाही सांगता येईल.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाहीच. त्यामुळे तुमच्याकडे जे आहे त्यावरून सरळ अपग्रेड होत नाही. डिस्कवर ६४-बिट नव्याने टाकावं लागेल, म्हणजे पेजमेकर, फॉन्ट, टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, सगळा संसार पुन्हा मांडायचा. पेजमेकरची सीडी आणि सिरियल नंबर घरात आहे का? आणि डोंगल ओळखणारा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. ६४-बिट विंडोजला तो ६४-बिटच लागतो, वर डिजिटल सहीचाही. गुलाबी पोर्टच्या काळातलं सॉफ्टवेअर बहुधा ३२-बिट ड्रायव्हर घेऊन आलेलं असतं. तो तिथे बसत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणजे डोंगल नुसता प्लॅस्टिकचा ठोकळा.

यूएसबीचा डोंगल असता तर नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं ३२-बिट विंडोज चालवून डोंगल आत पोचवता आला असता. आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने तसंच केलंय. तुमच्या त्या गुलाबी, म्हणजे पॅरलल पोर्टला तो मार्ग जवळजवळ बंदच समजा.

म्हणून माझं मत, कामं वेगळी करा. हा पीसी अण्णांचा. विंडोज १० जसं आहे तसं, इंटरनेटची वायर काढून. पेजमेकरला नेट लागत नाही, डोंगललाही नाही. बँक, आयकर आणि मुलीचा अभ्यास दुसऱ्या मशीनवर. तुमच्या बजेटमध्ये आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ऑफिसातून निघालेला रीफर्बिश्ड डेस्कटॉप बघा. सध्या रॅमचे भाव चढलेत, तेव्हा ८ जीबी आत असलेलाच घ्या, 'नंतर वाढवू' म्हणू नका. दुकानातच चालू करून ११ अॅक्टिव्हेटेड आहे का ते बघून घ्या.

गल्लीबोळ
एवढं घाबरायचं कारण कळलं नाही. माझ्याकडे १० आहे, अपडेट बंद झालेत, सगळं चालतंय. विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसला तर २०२८ पर्यंत नव्या व्हायरसची माहिती मिळत राहणार आहे.

टकटक
डिफेंडरचं खरं आहे, पण ते दारावरच्या वॉचमनला चोरांचे फोटो देण्यासारखं झालं. खिडकीचा गज निखळला तर तो बसवणारे अपडेट वेगळे, आणि ते बंद झालेत. बँक त्याच मशीनवर असेल तर मी धोका घेणार नाही.

दुसरं मशीन येईपर्यंत एक सोय आहे. विंडोज १० चे सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसेल. आवृत्ती २२एच२ हवी, ती 'विनव्हर' टाइप करून कळते. मायक्रोसॉफ्टचं खातंही लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला होकार दिला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा तीस डॉलर. बॅकअपला हो म्हणताना फोल्डर मात्र बंद ठेवा. वनड्राइव्हची (त्या खात्याच्या ऑनलाइन साठवणीची) फुकटची जागा ५ जीबीच आहे, अण्णांच्या फायलींनी ती भरून जाईल.

पर्वतीपायथा
सगळ्यांचे आभार. जुनाजाणता, तुमचं म्हणणं घरात वाचून दाखवलं. 'हा पीसी अण्णांचा' हे वाक्य अण्णांनी परत वाचायला लावलं.

दोन शंका. टेबल एकच आहे आणि दुसऱ्या मॉनिटरला जागा नाही. आणि तो मुलगा म्हणतो की अकरा नको तर निदान ८ जीबी रॅम तरी टाकून घ्या, जुना पीसी पळेल.

जुनाजाणता
रॅमला साफ नाही म्हणा. ३२-बिट विंडोज १० फार तर ४ जीबी वापरतं, तीही पुरती नाही. वरची रॅम नुसती बसून राहील. त्याऐवजी २५० जीबीची साटा एसएसडी घ्या, पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तरी मिळेल, आणि त्यावर आत्ताच्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून घ्या. सगळा डेटा त्यात मावतोय का तेवढं आधी बघा. विंडोज नव्याने टाकायचं नाही, फक्त क्लोन. इतकी जुनी फिरती डिस्क हाच तुमच्या घरातला खरा धोका आहे, विंडोज नव्हे. क्लोन झाल्यावर जुनी डिस्क फॉरमॅट न करता तारीख घालून कपाटात ठेवून द्या.

मॉनिटर एकच पुरतो. जुना पीसी व्हीजीएला, नवा एचडीएमआयला, आणि मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलायचा. तुमच्या मॉनिटरला दोन्ही पोर्ट आहेत का ते तेवढं मागे वाकून बघा.

नव्या मशीनवर ११ मध्ये खात्याने लॉगिन केलंत की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊ शकते. तिची रिकव्हरी की त्या खात्यात साठते. ती कागदावर उतरवून ठेवा, कारण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) कुणी खाडाखोड केली की मशीन नेमकं तेच ४८ आकडे मागतं.

अर्धाचहा
अवांतर: क्लोनिंगला गुरुवारी बसू नका. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट हटकून गुरुवारीच जाते.

आणि अण्णांना एक सुचवा. नवे अंक त्याच पद्धतीने लावू देत, पण जुन्या अंकांचा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित लिपीत) आणून ठेवा. कन्व्हर्टर मिळतात, मात्र प्रूफ वाचावंच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, त्यामुळे जोडाक्षर आलं की ती भलतीकडे जाऊन बसते. रफाराचीही तीच गत. हे काम अण्णांइतकं कुणाला जमणार?

पर्वतीपायथा
हे छान सुचवलंत, विचारते त्यांना. मॉनिटरला दोन्ही पोर्ट आहेत, बघितलं. एसएसडी शनिवारी आणतोय, रीफर्बिश्ड मशीन महिनाअखेरीस. तोवर ती २०२६ पर्यंतची नोंदणी करून घेते. २२एच२ आहे.

अण्णांचा एक प्रश्न, तो त्यांच्याच शब्दांत: "डोंगलच मेला तर?"

जुनाजाणता
तर फार पंचाईत आहे. म्हणून तो जिवंत असतानाच दोन गोष्टी करा. सॉफ्टवेअरचं मूळ बिल शोधा, आणि विकणाऱ्याला विचारा की जुना परत देऊन यूएसबी डोंगल किंवा नवी आवृत्ती मिळते का, कितीला मिळते. काही जण बिल दाखवल्यावर बदलून देतात. तो यूएसबीचा मिळाला तर वर म्हटलेला व्हर्च्युअलबॉक्सचा मार्गही मोकळा होतो. दरम्यान प्रत्येक अंकाची पीडीएफ काढून नव्या मशीनवर ठेवत चला, म्हणजे निदान छापायला जाणारं पान तरी हातात राहील. पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झालेत (फायलीतच सामावलेत) ना, ते एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

पर्वतीपायथा
बिल आहे! फाइलमध्ये लावून ठेवलेलं, दुकानाच्या शिक्क्यासकट. उद्या फोन करते आणि काय सांगतात ते इथे लिहिते.