रुग्णालयातील इंग्रजी जोडक्रियापदे कशी शिकावीत?

प्रश्न (राजारामपुरीची सिस्टर)

मी कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका असून ब्रिटनमधील नोंदणीसाठी ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करीत आहे. तेथील परिचर्या परिषदेला वाचन, श्रवण व संभाषण यांत प्रत्येकी 350 आणि लेखनात 300 गुण लागतात. वैद्यकीय संज्ञांपाशी माझे अडत नाही. पण ध्वनिफितीतील रुग्ण ‘आय केम ओव्हर ऑल डिझी’ (मला एकदम गरगरले) म्हणाला, की तो कोठून आला हेच मी शोधत बसते. सराव मुलाखतीत मी ‘आय पास्ड आऊट इन 2019’ असे अभिमानाने सांगितले, तेव्हा समोरच्या बाईंनी ‘डोक्याला मार लागला होता का?’ असे काळजीने विचारले. क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या अशा जोडक्रियापदांची (फ्रेजल व्हर्ब) दोनशेची यादी पाठ करणे हाच उपाय आहे का?

उत्तर 1 (शाहूपुरीतील मास्तर)

सिस्टर, ‘पास आऊट’चा पदवीधर होण्याशी संबंध आपल्याकडच्या इंग्रजीने जोडला आहे, तिकडच्या रुग्णाच्या तोंडी त्याचा अर्थ शुद्ध हरपणे एवढाच. यादी पाठ करू नका. मराठीतही ताप चढतो, भूल उतरते, घसा बसतो, कफ सुटतो, अंगावर पित्त उठते आणि धाप लागते; यांतले एकही क्रियापद आपण कोशातून शिकलो नाही, आजारी माणसाच्या तोंडून ऐकले. म्हणून तक्रार आधी मराठीत मनात आणावी आणि तिच्यासमोर इंग्रजी रूप मांडावे: भूल उतरणे म्हणजे ‘वेअर ऑफ’, दबलेले दुखणे पुन्हा उसळणे म्हणजे ‘फ्लेअर अप’, अंगावर पुरळ उठणे म्हणजे ‘कम आऊट इन अ रॅश’. ‘ब्रिंग अप’ मात्र जपून ऐकावे, कारण रुग्ण कफाविषयी बोलतो आहे की उलटीविषयी, हे पुढच्या शब्दावरूनच कळते.

शब्दांची जागाही सांभाळावी लागते. ‘रूल इट आऊट’ (ती शक्यता नाकारणे) बरोबर, ‘रूल आऊट इट’ चूक. पण ‘गेट ओव्हर इट’मध्ये (त्यातून बरे होणे) सर्वनाम शेवटीच येते. लेखनाच्या भागातील पत्र बहुधा डॉक्टरांना किंवा दुसऱ्या परिचारिकेला असते, तेथे उलटीसाठी ‘थ्रो अप’ न लिहिता ‘व्हॉमिट’ लिहावे. संभाषणाच्या भागात रुग्णाशी बोलताना ‘थ्रो अप’ चालते.

उत्तर 2 (भूलतज्ज्ञ, निवृत्त)

माझ्या कामातील दोन शब्द सांगतो. भूल देऊन झोपवणे म्हणजे ‘पुट अंडर’. त्याऐवजी ‘पुट डाऊन’ हे शब्द नातेवाइकांसमोर तोंडातून गेले, तर अनर्थ होईल. आजारी कुत्र्यामांजराला कायमचे झोपवण्यासाठी ते वापरतात. भुलीतून शुद्धीवर येणे म्हणजे ‘कम राउंड’, आणि तेच क्रियापद घरी भेटायला येण्यासाठीही चालते.

‘रूल आऊट’ तर आपल्याच वॉर्डात घोटाळा करतो. केसपेपरवर ‘रूल आऊट डेंग्यू’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ डेंग्यू नाही याची तपासणीने खात्री करून घ्यावी असा आहे, निदान अद्याप झालेलेच नाही. कागलकडच्या एका कुटुंबाने तो कागद वाचून डेंग्यू झालाच असे धरले आणि मी पोहोचेपर्यंत गावाकडून पपईच्या पानांचा रस येऊन पडला होता. तेच वाक्य ‘डेंग्यू रूल्ड आऊट’ असे झाले, की डेंग्यू नसल्याचे ठरले. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण ड्युटी बदलताना, म्हणजे ‘हँड ओव्हर’ करताना, तो ऐकणाऱ्याच्या कानातून निसटता कामा नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचीही आभारी आहे. मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे काल रात्रपाळीत वहीची डावी बाजू मराठी तक्रारींनी भरली आणि ‘दरदरून घाम सुटला’पाशी अडले. छातीत दुखणारे निम्मे रुग्ण हेच सांगतात.

शाहूपुरीतील मास्तर

‘आय ब्रोक आऊट इन अ कोल्ड स्वेट.’ ‘कोल्ड’ गाळू नका, कारण तुमचा रुग्ण उन्हातून चालत आलेला नाही.