‘प्रश्न उद्भवत नाही’ : यातल्या ‘उद्भवणे’चा नेमका अर्थ काय?

विधिमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांत हे वाक्य पानोपानी दिसतं. त्याचा अर्थ मला नीट समजून घ्यायचा आहे. कारण आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, माझ्या वहिनीला रात्री दीडला कळा सुरू झाल्या. चार किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र. बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात वैद्यकीय अधिकाऱ्यांचं नाव, त्याखाली ‘२४ तास प्रसूती सेवा’, आणि आत एकट्या सिस्टर. त्यांनी पोट तपासलं आणि म्हणाल्या, ‘बाळ आडवं वाटतंय, डॉक्टर इथे नाहीत, थांबू नका.’ एकशेआठला फोन लावला तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकली, वर ताडपत्री धरली आणि ३८ किलोमीटर गेलो. मायलेकरं वाचली.

गावाने आमदारांना निवेदन दिलं, त्यांनी प्रश्न लावला. आशय असा: (१) या केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर आलं: (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

डॉक्टर नव्हते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग खरं नाही म्हणजे काय? आणि जो प्रश्न क्रमांकासकट छापलाय, तो ‘उद्भवत नाही’ कसा?

प्रतिसाद (संस्कृत शिकवते)

उद् + भू. उद् म्हणजे वर, भू म्हणजे होणे. वर येणे, जन्माला येणे. ‘उद्भव’ म्हणजे उगम. पण मराठीत या क्रियापदाने आपली संगत ठरवून घेतली आहे. अडचण उद्भवते, वाद उद्भवतो, साथ उद्भवते. आनंद उद्भवला असं कुणी म्हणत नाही. शिवाय त्याला करणारा लागत नाही. ‘प्रश्न विचारला’ म्हटलं की कोणी विचारला हे सांगावं लागतं. ‘उद्भवला’ म्हटलं की तो आपोआप आला, जमिनीतून पाणी यावं तसा. तुम्हाला खटकलं ते इथेच असावं. तुमच्या गावाने प्रश्न विचारला होता.

बोलण्यात आपण ‘प्रश्नच येत नाही’ म्हणतो, तेव्हा त्यात ठाम नकार असतो: ‘तुझ्याकडून पैसे घ्यायचा प्रश्नच येत नाही.’ तो सूर कानात असल्यामुळे छापील वाक्यही झिडकारल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद (मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, आता निवृत्त)

ताई, हे वाक्य इंग्रजी कामकाजातल्या ‘डज नॉट अराइज’वरून आलं आहे. लोकसभेच्या उत्तरांतही ते असतं. त्यात झिडकारणं नाही. प्रश्नाची रचनाच शिडीसारखी असते. दुसरी पायरी ‘असल्यास’ने सुरू होते. पहिलीचं उत्तर ‘नाही’ आलं की ‘असल्यास’ची अट पुरी होत नाही. एवढाच तांत्रिक अर्थ.

पण तुमच्या बाबतीत काय झालं असेल ते मी सांगू शकतो, कारण अशी उत्तरं मी स्वतः लिहिली आहेत. प्रश्न स्वीकारला गेला की विभागाकडे येतो. तिथून जिल्हा, तिथून तालुका, आणि ‘विधिमंडळ कामकाज, अत्यंत तातडीचे’ अशा शेऱ्याने माहिती मागवली जाते. खालून कळवलं असेल: पद मंजूर, पद भरलेले, अधिकारी प्रतिनियुक्तीवर अन्यत्र. ‘रिक्त’ म्हणजे ज्या पदावर कोणाचीही नेमणूक नाही ते. इथे नेमणूक आहे. म्हणून ‘हे खरे नाही’. अक्षराने बरोबर. तुमच्या वहिनींच्या दृष्टीने मात्र पूर्ण चूक, आणि हे मी आज मनापासून लिहितोय.

खरं तर तिसरं उत्तर उपलब्ध असतं: ‘हे अंशतः खरे आहे. पद भरलेले आहे, तथापि संबंधित अधिकारी प्रतिनियुक्तीवर आहेत.’ मग दुसरा भाग जिवंत राहतो. ‘अंशतः’ लिहायला धीर लागतो, कारण तारांकित प्रश्न असेल तर सभागृहात त्यावर उपप्रश्न येतात आणि मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

प्रतिसाद (ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी)

मी तो प्रतिनियुक्तीवरचा डॉक्टर होतो. तुमच्याकडचा नव्हे, पण तसाच. अकरा महिने माझं नाव एका केंद्राच्या भिंतीवर आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी. पगार त्या पदावर निघत होता.

आमच्याकडे तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत: मंजूर, भरलेले, कार्यरत. मैदानी भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. त्यानुसार जे ठरतं ते मंजूर. ज्यावर नाव चढलं ते भरलेले. आज खुर्चीत कोण आहे, ते कार्यरत. रात्री दीड वाजता फक्त तिसरा शब्द उपयोगाचा असतो.

‘रेफर’चंही असंच. कागदावर आम्ही ‘संदर्भित केले’ लिहितो. त्या बाईला फक्त ‘पुढे जा’ म्हटलेलं असतं. ती पोहोचली का, हे त्या रकान्यात येत नाही.

प्रतिसाद (नंदुरबारहून)

आमच्या सातपुड्यात लोकांनी शब्द काढला आहे: बांबूलन्स. बांबूला झोळी बांधायची, पेशंट आत, चौघे खांदेकरी. वर्तमानपत्रांनीही तो उचलला. इथे प्रश्न आला की ‘रुग्णवाहिका उपलब्ध नाही हे खरे आहे काय’, तर उत्तर ‘हे खरे नाही’ असंच येणार, कारण गाडी केंद्रासमोर उभी असते. पाड्यापर्यंत रस्ता नसतो. ‘उपलब्ध’चा अर्थ कोणी फोडून सांगेल का?

प्रतिसाद (संस्कृत शिकवते)

उप + लभ्. लभ् म्हणजे मिळणे. लाभ, सुलभ, दुर्लभ सगळे त्याचेच. उपलब्ध म्हणजे मिळालेलं, हाती आलेलं. मूळ शब्दात घेणारा आहे. साठ्यात पडून असलेली वस्तू मुळात ‘उपलब्ध’ नव्हेच. आपण मात्र तो शब्द गोदामाच्या बाजूने वापरायला लागलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात बाळं. त्यानंतरची खडाजंगी आठवा: औषधांचा ‘तुटवडा’ होता की साठा ‘उपलब्ध’ होता?

आणि एक शब्द, विषय निघालाच आहे म्हणून. ‘शुश्रूषा’. हा श्रु धातूपासून येतो. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकणं, म्हणून सेवा करणं, म्हणून रुग्णाची काळजी घेणं. बरेच जण ‘सुश्रुषा’ लिहितात, ते चूक. मला या शब्दाचं फार वाटतं.

प्रतिसाद (धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार. त्या सिस्टरांवर मी दोन वर्षं मनातून राग धरला होता. आता वाटतं, तिथे कार्यरत असलेल्या त्या एकट्याच होत्या.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी नवा मसुदा केलाय: ‘सदर केंद्रात वैद्यकीय अधिकारी सध्या उपलब्ध नसल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय; असल्यास, याबाबत कोणती कारवाई केली?’

प्रतिसाद (निवृत्त कक्ष अधिकारी)

ताई, चार दुरुस्त्या. ‘सध्या’ काढा, तारीख घाला. उत्तर लिहायच्या दिवशी तिथे कोणीतरी पाठवलेलं असू शकतं. ‘गैरसोय’ काढा, ती झाली नाही असं लिहिता येतं. ‘कारवाई’ म्हणजे शिक्षा, दंड. तुम्हाला काम पुढे सरकायला हवंय, ते ‘कार्यवाही’. आणि ‘असल्यास’ने एकही भाग सुरू करू नका. असं लिहा:

(१) अमुक ते अमुक या कालावधीत सदर केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती व प्रत्यक्ष कार्यरत अधिकारी किती होते? (२) प्रतिनियुक्तीवर किती, कोठे व कोणत्या दिनांकापासून? (३) या कालावधीत रात्री ८ ते सकाळी ८ दरम्यान किती गरोदर मातांना अन्यत्र संदर्भित केले, आणि त्यांपैकी किती जणींना शासकीय रुग्णवाहिका मिळाली?

‘मिळाली’ हाच शब्द ठेवा. ‘उपलब्ध होती’ नको.