एकाच हापशीचं पाणी, दोन रिपोर्ट : लॅबला न सांगता जोड बाटली पाठवावी का?

पांदणवाट :
पांढरकवड्याकडचं आमचं गाव. शाळेजवळच्या हापशीचं पाणी तपासायला दिलं तेव्हा मी एकाच बादलीतून दोन बाटल्या भरल्या, एकीवर हापशीचा नंबर, दुसरीवर दुसराच नंबर, आणि लॅबला काही बोललो नाही. फ्लोराइड एकीत आलं लिटरला १.२ मिलिग्रॅम आणि दुसरीत १.९. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे १.० पर्यंत चालतं, दुसरा सोर्सच नसेल तर १.५. म्हणजे एका कागदावर हापशी कशीबशी पास, दुसऱ्यावर नापास. फरक ०.७, सरासरी १.५५, म्हणजे ४५ टक्के. जोड नमुन्यात साधारण २० टक्क्यांच्या आतला फरक धकवतात. माझं मत, गावानं दर खेपेला एक छुपी जोड बाटली आणि एक नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली (तिच्यात फ्लोराइड जवळपास शून्य यायला पाहिजे) पाठवावी, आणि आकडे जुळले नाहीत तर त्या दिवसाचा रिपोर्टच मानू नये.

कपाशीवाला :
भाऊ, रिपोर्ट मानला नाही तं हापशी बंद कोण करन? आमच्याकडे दोन वर्षं याच्यातच गेले का नमुना बरोबर घेतला नव्हता, पुन्हा पाठवा. पास आला तं कोणी इचारत नाही का बाटली कशी भरली, नापास आला का लगेच बाटलीत खोट. तुम्ही तेच हत्यार त्याईच्या हातात देऊन राह्यले. पोट्ट्याईच्या दातावर फ्लोराइडचे पिवळे-तपकिरी डाग दिसतात ना बाप्पा, अजून कोणता पुरावा पाह्यजे?

बाटली_नंबर :
मी लॅबमधे काम करते. छुपी बाटली वाचून आधी रागच आला, खरं सांगते. पण आकडे बघितले आणि वाटलं हे होऊ शकतं. रंग मोजायची जी पद्धत आहे (स्पॅडन्स) ती १.४ पर्यंतच सरळ चालते, त्याच्या वर नमुन्यात डिस्टिल्ड पाणी घालून मोजायचं आणि आकडा गुणायचा, म्हणजे पिपेटमधली बारीकशी चूक पण गुणली जाते. १.२ वाली सरळ मोजली असेल, १.९ वाली पाणी घालून. शिवाय पाण्यात अल्कलिनिटी (क्षारता) जास्त असली तर रंग फसवतो, अशा पाण्याला इलेक्ट्रोड (रंगाशिवाय, पाण्यात बुडवून फ्लोराइड मोजणारी कांडी) बरा. बाटल्या काचेच्या होत्या का प्लास्टिकच्या? हापशी किती वेळ हापसली? उरलेलं पाणी ठेवलं असेल तर फेकू नका, फ्लोराइडचा नमुना २८ दिवस टिकतो.
पण अख्खा रिपोर्ट रद्द करायला माझा विरोध आहे. फ्लोराइड जुळलं नाही म्हणून नायट्रेट खोटं ठरत नाही.

पांदणवाट :
ताई, बाटल्या प्लास्टिकच्या, त्याच पाण्यानं तीनदा खळखळून घेतल्या, पाच मिनिटं हापसून मग भरल्या. नायट्रेट ३८ आणि ३९ आलं, ते ४५ च्या मर्यादेच्या आतच, म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर, अख्खा रिपोर्ट हे माझं वाक्य मागं घेतो. पण छुपी बाटली सोडणार नाही.

जुना_मास्तर :
मला छुपेपणा पटत नाही. खोटा नंबर टाकून पाठवलेला नमुना उद्या वाद झाला तर कोण मान्य करील? सांगून पाठवा. आणि त्याआधी हातातला कागद तरी नीट वाचा. मी खारपाणपट्ट्यातला (जिथं जमिनीतलं पाणी खारं), दर्यापूरकडचा. आमच्या विहिरीच्या रिपोर्टात ईसी (पाण्यातून वीज किती वाहते तो आकडा) ३२०० आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९०० लिहून आलं. टीडीएस साधारण ईसीच्या ०.५५ ते ०.७ पट असतो, म्हणजे १८०० च्या आसपास तरी पाहिजे होता. जाऊन रजिस्टर काढायला लावलं तर आकडा १९०० होता, टाइप करताना १ सुटला. एकही बाटली न पाठवता सापडलं.

बाटली_नंबर :
गुरुजी, सांगून पाठवलेल्या बाटलीला आपोआप जास्त जपलं जातं, हे मी आतून बघितलंय. त्यामुळे छुपी असावी, फक्त दोन्हींचे खरे नंबर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला त्याच दिवशी, त्याच वेळी लिहून सही घ्यावी. आमच्याकडे पण बॅचबरोबर ब्लँक (नुसतं डिस्टिल्ड पाणी) असतो, आधीच आकडा माहीत असलेलं स्टँडर्ड द्रावण असतं, नमुन्यात मोजून फ्लोराइड टाकतो आणि किती परत मिळतं ते बघतो. पण ते सगळं आमच्या रजिस्टरात राहतं, गावाच्या कागदावर छापत नाहीत. ते छापलं पाहिजे, याच्यासाठी मी भांडायला तयार आहे.

कपाशीवाला :
छापा, पण तवरोक हापशीचं काय? पुन्हा तपासणी होईस्तोर मोठा आकडा खरा धरायचा, एवढं लिहून घ्या. मंग कितीही बाटल्या पाठवा, माझा इरोध नाही.

पांदणवाट :
हे मान्य. १.९ च धरलंय, कालच दांड्याला लाल चिंधी बांधली आणि शाळेला पिण्यासाठी विहिरीवरून पाणी सुरू केलं. उरलेली अर्धा लिटरची बाटली सोमवारी इलेक्ट्रोडवर मोजायला नेतो, नंबर रजिस्टरला लिहूनच.

कपाशीवाला :
विहीर किती लांब हाय? आमच्याकडे बी चिंधी बांधली होती, तिसऱ्या दिवशी बाया तिथंच गुंड घेऊन उभ्या.