शब्दचर्चा : वेदीवस्त्राला 'रफू' म्हणायचं का?

प्रश्न (मिरज)

आमच्या चर्चमध्ये सणाला वेदीवर घालायचं एक जुनं रेशमी वस्त्र आहे. पांढऱ्या रेशमावर जरीची लिली आणि गव्हाच्या लोंब्या. ते दुरुस्तीला काढलंय आणि मंडळीच्या वहीत नोंद मला करायची आहे. मी 'रफू' लिहिलं, तर एक मावशी म्हणाल्या, "रफू वेगळं, हे वेगळं." मग काय लिहू? आणि ही जर कापडावर नुसती तरंगल्यासारखी दिसते, त्या कामाला काय म्हणतात?

उत्तर (सांगली)

ताई, मावशींचं बरोबर आहे. रफूगर उभे-आडवे धागे पुन्हा विणतो, ते भोक दिसू नये म्हणून. कोटाला ते छान. जुन्या भरतकामात नवा धागा असा मिसळला, की मूळ काम कुठवर होतं ते पुढच्या माणसाला कळत नाही.

माझं म्हणणं, आधी इजेला नाव द्या. आपल्याकडे त्यासाठी नेमके शब्द आहेत. टाका सुटला आणि कापड शाबूत असेल, तर ते उसवलं. वापरून झिरझिरीत झालं, तर विरलं. घडीवर सरळ रेघेत तुटलं, तर चिरलं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाचं वजन वाढवायला कथलाचे क्षार चढवत. असं रेशीम हमखास चिरतं. तुमचं त्या काळचं असेल तर घड्या घालू नका, सुती कापडात गुंडाळून नळीवर ठेवा.

विरलेलं आणि चिरलेलं कापड टाका धरत नाही. सुई जाईल तिथे नवं भोक. म्हणून खाली त्याच रंगाचं आधाराचं कापड घालतात, सुटलेल्या धाग्यांवर बारीक रेशमी दोरा आडवा ठेवतात आणि तो अंतराअंतरावर इवल्या टाक्यांनी बांधतात. याला मी टाचणे म्हणेन. उद्या सोडवायचं म्हटलं तर सोडवता येतं.

जरीचंही तेच. रेशमी दोऱ्यावर चपटी चमकती तार गुंडाळली की झाला कलाबतू. तो कापडातून ओढला तर तार खरवडते, म्हणून वरच ठेवून टाचतात. वस्त्र उलटून पाहा, मागे जर दिसणारच नाही, नुसते पिवळ्या रेशमाचे ठिपके. ते टाके तुटले की पुढे जरीचं वेटोळं उभं राहतं. ते कापायचं नाही. जागेवर बसवून जुन्याच भोकांतून टाचायचं. आणि काळी पडलीय म्हणून चिंच अजिबात लावू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासला की गेला.

आणखी एक (कराड)

आमची आजी लुगडं मधे फाटलं की तेवढा भाग काढून दोन्ही तुकडे जोडायची. त्याला दंड घालणे म्हणायची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १४ व्या शतकातला धर्मगुरूंचा भरतकाम केलेला एक झगा आहे, बटलर-बाउडन या नावाचा. तो मधल्या काळात कापून त्याच्या दुसऱ्या वस्तू केल्या होत्या. नंतर तुकडे पुन्हा जोडले. तिथे दंड हा शब्द मला पटतो.

पुन्हा सांगली

हो, तिथे दंडच. आणि ताई, 'जीर्णोद्धार' कुणी सुचवला तर घेऊ नका. त्यात जुनं काढून नवं घालणंही आलं. 'जरदोजी' चालेल, पण ते मूळ कामाचं नाव, दुरुस्तीचं नव्हे. जर म्हणजे सोनं, दोजी म्हणजे शिवण. सोनं ठोकून, त्याच्या तारा कापून वस्त्रात घातल्याचं वर्णन तुमच्या बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायातही आहे.

प्रश्नकर्ती (मिरज)

काल मावशींबरोबर वस्त्र उलटून पाहिलं. पिवळे ठिपके अगदी रांगेत होते, एका पाकळीपाशी तेवढी रांग तुटलेली. वहीतलं 'रफू' खोडून लिहिलं : "डावीकडची लिली, एक पाकळी उसवलेली, जर टाचायची. खालचा काठ घडीवर चिरलेला. आधार देऊन टाचायचा. जर घासायची नाही."